हात कुठून घालायचा?

माझा बाथटबला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'बँकेतल्या कारकुनाला टब हवा कशाला?' या चालीवर चर्चा सुरू होते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. कुणी टबात आडवे पडून आंघोळ करावी, कुणी मोरीत उकिडवे बसून दोन तांबे अंगावर ओतावेत आणि 'हर हर गंगे' म्हणावे. ज्याची त्याची हौस, ज्याचे त्याचे पाणी. माझा विरोध आहे तो टबाभोवती बांधलेल्या भिंतीला.

ज्या वस्तूला आज ना उद्या हात लावावा लागणार हे शेंबड्या पोरालाही कळते, त्या वस्तूपर्यंत हात पोचायला वाट न ठेवता ती चारी बाजूंनी चिणून टाकणे हा माझ्या मते गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून देशात नवी न्यायसंहिता लागू झाली, तेव्हा तीत या गुन्ह्याला एखादे बारीकसे कलम मिळेल अशी मला आशा होती. मिळाले नाही. अनारकलीला भिंतीत चिणले तर त्यावर तीन तासांहून लांब सिनेमा निघतो. ओव्हरफ्लोचा पाइप चिणला तर साधी तक्रार कुणी लिहून घेत नाही. आणि 1960 सालच्या त्या 'मुगल-ए-आझम'मध्येसुद्धा बादशहाने अनारकलीला बाहेर काढायला खालून भुयार ठेवले होते, हे विसरू नका. अकबराला जे सुचले ते आमच्या इंटिरियरवाल्यांना सुचत नाही.

ज्यांच्या घरी टब नाही (आणि ज्यांचे त्यावाचून उत्तम चालले आहे) त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. टबाला भोके दोन. एक तळाशी, त्याला बूच असते. दुसरे वर, काठाच्या चार बोटे खाली, त्याला बूच नसते. त्याचे नाव ओव्हरफ्लो. आमच्या बँकेत ऑटो-स्वीप नावाची सोय आहे. खात्यातली शिल्लक ठरावीक रकमेच्या वर गेली की जादा रक्कम गुपचूप मुदत ठेवीत वळते. टबाचे वरचे भोक नेमके हेच काम करते. तिथले पाणी टबाच्या पाठीमागून उभ्या पाइपाने खाली येते, तळच्या भोकातले आडव्या पाइपाने येते, दोघांची गाठ एका 'टी'मध्ये पडते आणि तिथून एकच पाइप ट्रॅपकडे जातो. ट्रॅप म्हणजे तो वाकडा भाग, ज्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही.

आता सांधे मोजा. मी मोजले आहेत. सहा. त्यातले दोन, म्हणजे जिथे पाइप खुद्द टबाला भेटतो ते, रबरी वायसरच्या भरवशावर असतात. रबर ते रबर. ते वाळते, कडक होते, चिरते. चाळिशी ओलांडली की माणसाचेही हेच होते, पण माणसाला निदान डॉक्टर हात लावू शकतो.

इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध टबाला ओव्हरफ्लो नसावा, आणि ते बरेच झाले. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने लिहून ठेवलेली गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. आर्किमिडीज टबात उतरला, पाणी बाहेर सांडले, त्याला राजाच्या मुकुटाचे कोडे सुटले आणि तो होता तसा 'युरेका' म्हणत धावला. ओव्हरफ्लो असता तर पाणी पाइपाने निमूट निघून गेले असते आणि शास्त्राचे नुकसान झाले असते. पण त्या गोष्टीत आर्किमिडीजच्या खालच्या मजल्यावर कुणी राहत असल्याचा उल्लेख नाही. आमच्या सोसायटीत तो तसा धावता तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खालचे सभासद वर येताना भेटले असते आणि पुढचा शोध पोलीस चौकीत लागला असता.

आमचा टब आम्हाला वारसाहक्काने मिळाला. म्हणजे ठाण्यातला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही रिसेलमध्ये घेतला, तेव्हा आधीच्या मालकांनी जाताना पंखे काढून नेले, ट्यूबलाइटी काढून नेल्या, दारावरच्या नावाच्या पाटीचे स्क्रूसुद्धा नेले. टब नेता आला नाही. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला विटांचा कठडा आणि त्यावर संगमरवर असल्याचा आव आणणाऱ्या टाइल्स. कुठे फट म्हणून नाही. आलेगेले पाहुणे 'वा!' म्हणत. आमच्या घरात पाहुण्यांनी 'वा!' म्हणावे अशी ती एकच जागा होती.

त्या टबात आजपर्यंत कुणीही पडून आंघोळ केलेली नाही. आम्ही टबात बादली ठेवतो, बादलीशेजारी उभे राहतो आणि तांब्याने आंघोळ करतो. एरवी तो आमचा साठवणीचा हौद. 'उद्या पाणीपुरवठा बंद राहील' अशी नोटीस लिफ्टपाशी लागली की आदल्या दिवशी टब वरच्या भोकापर्यंत भरायचा. त्याच्यावर तो भरतच नाही, भोक त्यासाठीच आहे. पाच फुटी टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी सहज मावते. म्हणजे दीडशे-दोनशे किलो वजन. टब फायबरचा असला की एवढ्या ओझ्याने तो किंचित खाली दबतो आणि त्याच्याबरोबर ते सांधेही. रिकामा झाला की पुन्हा वर. प्रत्येक पाणीबंदीला आमचे सांधे अशी एक बैठक मारत होते. पैलवानाने बैठका मारल्या तर तो तयार होतो. सांधा निकामी होतो.

वरच्या भोकाचा वायसर गेला. कधी गेला ते कुणीच सांगू शकत नाही, कारण तो दिसतच नव्हता. आणि इथे आपल्या बांधकामाची दुसरी खुबी कामाला येते. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत बाथरूमची स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतात आणि त्या खळग्यात पाइप, विटांचे तुकडे आणि कोबा असे सगळे एकत्र भरून वर लादी बसवतात. गळणारे पाणी आधी त्या भरावात मुरते. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. तसे हे पाण्याचे सस्पेन्स खाते. फरक इतकाच की आमच्या सस्पेन्समधल्या एकेका नोंदीवर बोट ठेवून ऑडिटर विचारतो, 'हे काय?' कोब्यातल्या पाण्याला कुणी विचारत नाही. ते महिनोन् महिने साठते आणि मग आपल्या सवडीने, गळतीच्या जागेपासून चार हात लांब, दुसऱ्याच्या घरात उतरते.

आमचे उतरले ते खालच्या निवृत्त हेडमास्तरांच्या पॅसेजमध्ये. बाथरूममध्ये नव्हे, पॅसेजमध्ये, जिथे त्यांचे लाकडी कपाट होते. सर एकटेच असतात. एका संध्याकाळी ते वर आले, चप्पल बाहेर काढली आणि म्हणाले, "तुम्हाला वेळ असेल तर जरा खाली येऊन जाता का?" गेलो. छताचा गिलावा फुगला होता आणि कपाटाचा वरचा कप्पा भिजला होता. त्या कप्प्यात त्यांच्या मंडळींच्या वह्या होत्या. काकू भजनीमंडळात होत्या, चाळीस वर्षे ऐकलेले भजन लगेच घरी येऊन उतरवून घ्यायच्या. शाईने. सरांनी त्या वह्यांची पाने सुटी करून बाल्कनीतल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावली होती. काही पानांवर अक्षर होते, काहींवर नुसता निळा डाग.

मी काहीतरी पुटपुटलो. सर म्हणाले, "अहो, पाणी आहे. उतारानंच जाणार."

कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. गच्ची गळली किंवा सामाईक पाइप गळला तर सोसायटीने पाहायचे, घरातल्या संडास-मोरीतून गळले तर सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे, असे आदर्श उपविधी सांगतात. गिलाव्याचे आणि रंगाचे पैसे मी दिलेच. पण त्या निळ्या डागांची व्हाउचर कशी करतात ते आमच्या बँकेत कुणाला येत नाही.

मग प्लंबर आले. त्यांचे गाव ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले. देशभर नळकाम करणारे कितीतरी कारागीर त्या एका जिल्ह्यातून येतात. आपल्या रत्नागिरीतून जसा आंबा येतो तसा तिथून प्लंबर येतो. हे वीस वर्षे ठाण्यात आहेत. एरवी मराठी बोलतात, चिडले की हिंदीवर जातात आणि फारच चिडले की उडियावर. त्यांनी टबाला एक प्रदक्षिणा घालायचा प्रयत्न केला, पण प्रदक्षिणेला जागाच नव्हती. मग वाकून, गुडघ्यावर बसून, शेवटी पोटावर पडून सगळीकडून पाहिले आणि उठून मला विचारले, "साहेब, हात किधर से डालूं?"

या प्रश्नाला आमच्या पूर्वीच्या मालकांकडे, त्यांच्या गवंड्याकडे आणि टाइल्सची नक्षी जुळवून देणाऱ्याकडे उत्तर नव्हते, म्हणूनच तो माझ्यापर्यंत आला.

आता ओव्हरफ्लोचा सांधा बसवतात कसा ते ऐका, म्हणजे माझ्या रागाचे कारण कळेल. टबाच्या बाहेरच्या बाजूला पाइपाचा एल्बो धरायचा. एल्बो आणि टब यांच्यामध्ये वायसर. हा वायसर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असतो, कारण टबाची भिंत तिरकी असते. तो उलटा बसला की गळायचे बंद होणार नाही. मग टबाच्या आतल्या बाजूने स्क्रू घालून आवळायचे. म्हणजे एक हात बाहेर, एक हात आत, आणि दोघांच्या मध्ये टब. एकट्या माणसाचे हे काम नाही. आणि जिथे बाहेरच्या हातालाच वाट नाही तिथे दुकट्याचेही नाही.

शेवटी पुढच्या कठड्याच्या टाइल्स फोडल्या. छन्नीच्या पहिल्या घावाला सौ.ने डोळे मिटले. चार टाइल्स आणि त्यामागच्या विटा निघाल्यावर जे भगदाड पडले त्यातून प्लंबरांचा दंड जाईना. त्यांनी आपल्या मदतनिसाला हाक मारली. एकोणीस-वीस वर्षांचा, वेताच्या छडीसारखा पोरगा. मी म्हटले, "याला जमेल?" प्लंबर म्हणाले, "याचा हात बारीक आहे. म्हणून तर ठेवलाय." माणसाला नोकरीवर घेताना पदवी पाहतात, टायपिंग पाहतात, हल्ली कॉम्प्युटरचा दाखला पाहतात. हाताची जाडी पाहून नेमणूक होते, आणि ती आपल्या टाइल्सच्या हौसेपायी होते, हे मला त्या दिवशी कळले.

पोरगा कुशीवर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत आत गेला. मी बनियनवर कोरड्या टबात बसलो, हातात स्क्रूड्रायव्हर. (टबात बसण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. सुख असे काही वाटले नाही.) प्लंबरांनी वरच्या भोकातून एक दोरा आत सोडला, पोराने चाचपडत तो एल्बोच्या स्क्रूच्या भोकात ओवून बांधला आणि मी पतंगाची ढील आवरावी तसा तो अलगद ओढत राहिलो, म्हणजे एल्बो भोकासमोर येईल.

"आला?"

"आला."

"वायसर सरळ आहे?"

"दिसत नाही. हाताला सरळ लागतोय."

"जाड बाजू खाली?"

आतून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग, "आता खाली."

नेहमीचे स्क्रू पोचेनात, म्हणून आधी लांब स्क्रू लावून एल्बो ओढून घेतला, मग एकेक काढून त्या जागी मूळचे लावले. पोराचा हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत सिमेंटच्या खरबरीत कडेने सोलवटला होता. सौ.ने हळद आणली. तो म्हणाला, "मावशी, हे रोजचंच आहे."

नंतर टब वरच्या भोकाच्याही वर पाणी जाईपर्यंत भरला, कारण खरी परीक्षा तीच. बरेच लोक तळाचे बूच काढून पाणी गेलेले पाहतात आणि पैसे देतात. ओव्हरफ्लोच्या वाट्याला परीक्षा येतच नाही. आमच्या नळाच्या वेगाने त्याला पाऊण तास लागला. सांध्याखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. विजेरी लावून सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. कागद कोरडा. त्या भगदाडाला मी आता ॲल्युमिनियमच्या चौकटीचे एक छोटे दार बसवून घेतले आहे. पाहुणे हल्ली 'वा!' म्हणत नाहीत. 'हे काय?' म्हणतात. मला ते ऑडिटरसारखे वाटतात आणि बरे वाटते.

जुन्या लोकांना हे सगळे कळत होते. चाळीतल्या मोरीकडे पाहा. एक उंबरा, एक उतार, एक भोक. तुंबली तर तुंबलेली दिसायची, गळली तर गळलेली दिसायची आणि केरसुणीच्या काडीने अर्धी दुरुस्ती व्हायची. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या अंगावरून बिडाचे काळे पाइप उघडे उतरलेले असतात. दिसतात वाईट, मान्य आहे. हातावरच्या शिराही वाईटच दिसतात. पण नर्सला सुई टोचायची वेळ आली की त्यांचे महत्त्व कळते.

हे सारे मी आता का उगाळतो आहे, तर आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, नूतनीकरण चालू आहे आणि त्यात टब आहे. म्हणजे या खेपेला खालचा सभासद मी आहे. मी वर गेलो. तिथे इंटिरियरवाले गृहस्थ होते. तरुण, हसतमुख, कानात ते बिनतारी बूच. मी विचारले, "टबाला दार कुठे?"

"दार? काका, टबला दार नसतं."

"पाइपांपर्यंत पोचायला."

"ओह! नाही, तो पूर्ण फ्लश लुक आहे."

मी म्हटले, गळले तर? तर म्हणाले, आमचे काम गळत नाही. न गळणाऱ्या कामाचा मला जरा अनुभव आहे, मी बँकेत आहे. आमच्याकडे तिजोरीची खोली बांधतात तीच मुळी कुणी आत जाऊ नये म्हणून. भिंती जाडजूड, खिडकी नाही. तरी तिला दार ठेवतात! दोन माणसांकडे दोन किल्ल्या असतात, दोघे आले तरच उघडते, पण उघडते. लक्ष्मीला जे दार चालते ते गटाराच्या पाण्याला का चालू नये? ते म्हणाले, दार ठेवले की झुरळे येतात. झुरळांना आजवर दाराची गरज पडल्याचे मी पाहिलेले नाही. मग म्हणाले, परदेशात सगळीकडे असेच करतात.

इथे मात्र मी खिशातून कागद काढला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जी प्लंबिंगची संहिता वापरतात तिच्यात साफ लिहिले आहे की नट-वायसरचे सरकते सांधे भिंतीआड झाकले असतील तर तिथे पोचायला दार किंवा मोकळी जागा हवी आणि ती सर्वांत अरुंद ठिकाणी 12 इंचांपेक्षा, म्हणजे 305 मिलिमीटरपेक्षा, कमी नसावी. सगळे सांधे सोल्व्हंटने कायमचे चिकटवलेले असतील तर ती सक्ती नाही, हेही खरे आणि तेही मी त्यांना वाचून दाखवले. कागद अर्धा वाचायचा नाही ही बँकेची शिस्त. पण पाइप टबाला भेटतो तिथला वायसर काही सोल्व्हंटने चिकटत नाही. तो वायसरच राहतो आणि एक दिवस जातो. गेला की माझ्या पॅसेजमध्ये उतरतो. आणि माझ्याकडून, कोब्यातून वाट काढत, पुन्हा सरांच्या.

ते काही वेळ ड्रॉइंगकडे पाहत राहिले. टाइल्सचा मोर होता. दार मोराच्या पिसाऱ्यात येत होते. मी म्हटले, पिसाऱ्यावर पिसाऱ्याचीच टाइल चिकटवा, मागे चुंबक लावा, दार आहे हे कुणाला कळणारही नाही. मला फक्त प्लंबरला कळले म्हणजे पुरे. यावर ते प्रथमच जरा विचारात पडले.

परवा त्यांचा निरोप आला. आठ इंच द्यायला तयार आहेत. आठ इंचांतून त्या बारीक पोराचा हात जाईल, दंड अडेल. मी जिन्यातून जाता-येता हल्ली बँकेतली बारा इंची स्टीलची पट्टी बरोबर ठेवतो. उद्या रविवार आहे. सकाळी वर जायचे ठरले आहे आणि सरही बरोबर येतो म्हणाले आहेत.